विसाराचा नारळ

दार उघडल्यावर वामनराव खासनिसांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे जिन्यात पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं.

"मागून कोण येतंय?"

"कोणी नाही. मीच आलेय फ्लॅट बघायला. जेजुरकर. काल निरोप पाठवला होता."

"हो हो. पण मिस्टर?"

"लग्न झालेलं नाही."

"वडील?"

"वारले."

"मग भाऊ तरी असेल."

"भाऊ नाही. आई आहे, पण तिचे गुडघे दुखतात. आधी मी बघते, पसंत पडलं तर तिला आणीन."

वामनरावांनी खांद्यावरचा पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. विकायला काढलेल्या घराच्या दारात गिऱ्हाईक उभं आहे आणि त्याला आत घ्यावं की नाही, असा प्रश्न या गृहस्थांना पडला होता. शेवटी, "आल्याच आहात तर बघून जा," असं म्हणून ते बाजूला सरकले. उपकारच केले म्हणायचे.

मी तेव्हा नाशिकरोड स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. पहिली पाळी असली की उजाडायच्या आत खिडकीवर हजर राहावं लागायचं. खिडकीआड बसून मी वामनरावांसारखे पुष्कळ पाहिले होते. आत बाई दिसली की हे लोक "साहेब कुठे आहेत?" असं विचारतात, आणि तिकीट हातात पडल्यावर ते उलटसुलट करून चारदा तपासतात. अशा माणसांचा मला राग येत नाही. राग यायला समोरच्यात थोडा तरी ऐवज लागतो.

पण घर मात्र मला बघताक्षणी आवडलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दुसरा मजला. गॅलरीतून स्टेशनचा पादचारी पूल दिसत होता. घरातून निघून, भाजीवाल्यांची रांग ओलांडून, चपलांचा अंगठा नीट बसायच्या आत मी खिडकीवर पोचले असते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सकाळचं ऊन आलं होतं. आई तिथे उभी राहून चहा करतेय असं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी मनातल्या मनात त्या घरात राहायलाही आले.

त्यात माझं काही चुकत नव्हतं. वडील गेल्यापासून आम्ही मायलेकी अकरा महिन्यांच्या करारावर फिरत होतो. अकरा महिने भरत आले की घरमालकाला त्याचा पुतण्या आठवायचा, नाहीतर भाडेवाढ आठवायची, आणि आई पुन्हा पोती काढायची. चांगले डबे, पितळी पातेली तिने वर्षानुवर्षं पोत्यातून बाहेर काढलीच नव्हती. "काढायचे कशाला, परत भरायचेच आहेत," म्हणायची. ज्या घरातून कोणी जा म्हणणार नाही असं एक घर मला हवं होतं, आणि ते माझ्या नावावर हवं होतं. दुसरी कसलीही हौस मला नव्हती. पतपेढीचं कर्जही मंजूर झालं होतं.

"किंमत काय सांगताय?" मी विचारलं.

"ते मोठ्या माणसांशी बोलेन मी. कसं आहे, बायकांशी मी व्यवहार करत नाही. उद्या काही कमीजास्त झालं, तर बोलायचं कोणाशी?"

"माझ्याशी."

वामनराव हसले. कौतुकानं हसले, हे विशेष. लहान मुलानं मोठेपणी विमान चालवीन म्हटल्यावर हसतात तसं.

"घरचं कोणीतरी मोठं माणूस घेऊन या. काका, मामा, कोणीही. रीतसर बैठक करू. विसार घेऊनच या म्हणजे झालं."

एवढ्यात त्यांची बायको पाण्याचा तांब्या आणि भांडं घेऊन आली. बारीक चणीची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई. माझ्यापुढे पाणी ठेवलं, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि पडद्याआड गेली. हिला विचारून घर विकत असतील तर शपथ, असं माझ्या मनात आलं आणि तिलाही मी वामनरावांच्याच पंगतीत बसवून टाकलं.

एरवी असल्या माणसाच्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवलं नसतं. पण गरजवंताला अक्कल नसते. मी संगमनेरला भाऊमामांना पत्र टाकलं.

भाऊमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. त्यांनी जन्मात स्वतः एक खोलीही विकत घेतली नव्हती, पण दुसऱ्याचे व्यवहार ठरवण्यात त्यांचा हातखंडा होता. सोयरीक जुळवणं, मोडणं, वाटण्या, बैलजोडी, मोटारसायकल, काहीही असो, बैठकीत लोडाला टेकून "आता माझं ऐका" म्हणायला भाऊमामा हवेतच. त्यातले निम्मे व्यवहार पुढे कोर्टात जायचे, तो भाग वेगळा. पत्र मिळताच ते एस.टी.ने हजर झाले. पिशवीत नारळ, सुपाऱ्या, कुंकवाची पुडी, पेढ्यांचा खोका आणि पंचांग.

"काळजी सोड, शैले," ते मला म्हणाले. "तू फक्त गप्प बस. आजवर भाऊनं हात घातला आणि काम झालं नाही, असं झालंय का?"

आई म्हणाली, "नाही, भाऊ." ती भावाला नेहमी असंच उत्तर द्यायची. मला त्याचा मनस्वी कंटाळा होता.

रविवारी सकाळी आम्ही तिघं खासनिसांकडे गेलो. या वेळी वामनरावांनी दार सताड उघडलं. झब्बा घातला होता. "या, या, मामासाहेब!" म्हणून त्यांनी भाऊमामांना दोन्ही हातांनी आत घेतलं. मी आणि आई मागून आलो, त्या पिशवीसारख्या.

मामा आधी घरभर फिरले. प्रत्येक भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठकठक करायचे, कान लावायचे, आणि "हं" म्हणायचे. त्या ठकठकीतून त्यांना काय कळत होतं ते देवाला ठाऊक. मोरीत जाऊन त्यांनी नळ सोडला आणि पाणी येतंय हे पाहून तो बंद केला. मग दोघं दिवाणावर बसले, आणि सुपारी कातरून होईपर्यंत मामांच्या गावचे कोणी वकील हे वामनरावांच्या साडूचे व्याही निघाले. झालं! आता ते घर विकायचं राहिलं बाजूला, दोघांची जणू सोयरीकच झाली.

"तर काय म्हणता, वामनराव?"

वामनरावांनी आकडा सांगितला. मामांनी डोळे मिटले. वामनरावांनी थोडं खाली येऊन दुसरा सांगितला. मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बरं. पण पंखे आमचे."

"पंखे?"

"छताचे पंखे. ते इथेच राहतील."

"पंख्यांचं तुम्ही म्हणताय तर... पण मग ताबा मी दिवाळीनंतर देणार. मुलाचं पुण्याचं बांधकाम तोवर पुरं होतंय."

"दिला शब्द!" मामांनी मांडीवर थाप मारली.

मी बसल्या जागी उडाले. आमचा करार आषाढात संपत होता. दिवाळीपर्यंत आम्ही मायलेकींनी त्या दोन पंख्यांखाली उभं राहायचं होतं की काय!

"भाऊमामा, ताबा लगेच हवा. आपलं बोलणं झालं होतं."

"शैले, मोठी माणसं बोलतायत."

"पैसे मी देणार आहे."

"घ्या!" मामा वामनरावांना म्हणाले. "हल्लीच्या मुली. नोकरी करतात ना."

"चालायचंच," वामनराव म्हणाले. "आमची सौ.सुद्धा मास्तरीण होती. एक सांगून ठेवतो हं मामासाहेब, फ्लॅट कागदोपत्री तिच्या नावावर आहे. शिक्षकांची सोसायटी होती, तिच्या पगारातून हप्ते जायचे, म्हणून नाव तिचं. बाकी काही नाही."

"म्हणजे तुमचंच."

"तेच ना. सही काय, दाखवू तिथे करते."

"आमच्याकडेही तसंच आहे," मामा म्हणाले आणि दोघं हसले. मग मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तू आत जा जरा. पोह्यांना हातभार लाव. मुहूर्त जवळ आला की हाक मारतो. विसाराचं पाकीट तयार ठेव."

मी आत गेले ती नखशिखांत पेटलेली. आत आई ओट्याशी उभी होती. ओट्यावरून हळूच हात फिरवत होती, कोपऱ्याकडे बघत होती. "इथे देव बसतील गं," मला म्हणाली. "आणि या फळीवर डबे." तिचा चेहरा इतका उजळला होता की ताब्याचं सांगायचं माझ्या जिभेवर आलं नाही.

खासनीसकाकू पोह्यांना फोडणी देत होत्या. त्यांनी कढईवर झाकण घातलं, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"विसार आणलायस?"

"हो."

"देऊ नकोस."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"देऊ नकोस," काकू पुन्हा म्हणाल्या. "मी सही करणार नाही आहे. यांच्याकडून पैसे परत यायचे नाहीत, आणि तू उगाच अडकशील. मुलगी चांगली दिसतेस म्हणून सांगते."

"सही करणार नाही म्हणजे?"

"मला हे घर विकायचं नाही. हप्ते मी भरलेत. शाळा सुटल्यावर शिकवण्या करून भरलेत. मुलाच्या बंगल्यात आमच्यासाठी जिन्याजवळची खोली काढलीय. नकाशा बघितलाय मी. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही."

"मग हे काकांना सांगितलंत का?"

"मला कोणी विचारलं तर सांगेन ना." काकूंनी कोथिंबीर चिरायला घेतली. "पण मी ठरवलंय. रजिस्ट्रेशनच्या कचेरीत विचारतात. आमच्या शाळेतल्या कर्डकबाई सांगत होत्या. साहेब समोर उभं करतो आणि विचारतो, राजीखुशीनं विकताय ना? तिथे मी नाही म्हणणार. सरकारी माणसापुढे यांना आवाज चढवता येणार नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाहेर ते दोन दिवटे आणि आत ही! नवऱ्यासमोर तोंड उघडायची छाती नाही, म्हणून सरकारचा साहेब हवा. आणि तोवर माझं कर्ज उचललेलं, करार संपलेला, आमची पोती रस्त्यावर.

"काकू, नवऱ्याला तुम्ही भिता आणि गळा माझा कापायचा, हा कुठला न्याय?"

"म्हणूनच सांगितलं ना तुला," त्या म्हणाल्या. आणि कोथिंबीर बारीक चिरत राहिल्या.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलंही नव्हतं आणि मी त्यावर विश्वासही ठेवला नव्हता. ही काय नाही म्हणणार! असल्या बायका कढईशी शूर असतात. कचेरीत नवऱ्यानं बोट ठेवलं की बोटाखाली सही करून मोकळ्या होतात. मी काही ऐकलंच नाही असं धरून बाहेर जावं आणि विसार द्यावा. घर मला मिळालं असतं. तसं करायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

तेवढ्यात आई म्हणाली, "तिथे नाही म्हणता येत नाही हो."

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. आईचा हात अजून ओट्यावरच होता.

"मलापण विचारलं होतं," ती म्हणाली. "संगमनेरला. आमचे वडील गेल्यावर हक्कसोडीचा कागद केला तेव्हा. साहेब भला माणूस होता. दोनदा विचारलं त्यानं, राजीखुशीनं हक्क सोडताय ना बाई? भाऊ शेजारी उभा होता. वहिनीनं डब्यात लाडू आणले होते सगळ्यांसाठी. मागे लोकांची रांग. मी हो म्हटलं."

"संगमनेरच्या घरात तुझा हिस्सा होता?" मी विचारलं.

"निम्मा. आम्ही दोघंच ना भावंडं."

माझे वडील गेल्यावर आम्ही पहिली पोती भरली, तेव्हा भाऊमामा त्या घराच्या ओसरीत बसून दुसऱ्यांच्या वाटण्या करत होते. भाऊबीजेला आईला एक पातळ पाठवायचे, आणि आई ते पातळ दहाजणींना दाखवायची. मला मामांची अशी काही किळस आली की पुढची कित्येक वर्षं ती गेली नाही.

आई काकूंशीच बोलत होती. "कचेरीत जाऊ नका. एकदा तिथे गेलं की सगळ्यांना जेवायची घाई झालेली असते आणि आपल्यामुळे खोळंबा नको असं वाटायला लागतं. म्हणायचं असेल तर इथेच म्हणा. आत्ता म्हणा."

"मला कसं जमेल?" काकू म्हणाल्या. "यांच्यासमोर आपणहून मी कधी..."

आईनं त्या फळीकडे एकदा पाहिलं, जिथे तिचे डबे यायचे होते. मग मला म्हणाली, "शैला, तू विचार त्यांना. बाहेर, सगळ्यांसमोर."

"आई, घर जाईल."

"जाईल," आई म्हणाली.

"इंदू! शैले!" बाहेरून मामांची हाक आली. "या लवकर, मुहूर्त टळतोय!"

आम्ही तिघी बाहेर गेलो. पाटावर नारळ ठेवला होता, त्याला कुंकू लावलं होतं. पेढ्यांचा खोका उघडा. मामांनी माझ्यापुढे तळहात पसरला. विसार माझा, पण तो मामांच्या हातून वामनरावांच्या हातात जायचा होता.

पाकीट माझ्या पर्समध्येच राहिलं. मी काकूंकडे वळले आणि म्हणाले, "काकू, घर तुमच्या नावावर आहे. तुम्हाला ते विकायचंय का?"

"अहो, तिला काय विचारता?" वामनराव हसत म्हणाले.

"शैले, हा काय पोरखेळ!" मामा म्हणाले.

काकू पदराचं टोक धरून उभ्या होत्या. मला वाटलं, झालं, आता म्हणेल "हे म्हणतील तसं", आणि मग मी या बाईचं तोंड जन्मात पाहणार नाही. आई तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून उभी होती.

"नाही," काकू म्हणाल्या.

"काय नाही?"

"मला विकायचं नाही. मी सही करणार नाही."

आधी वामनरावांना बायकोची तब्येत बिघडली असं वाटलं. "चक्कर येतेय का? बस खाली," म्हणाले. मग तब्येत ठणठणीत आहे हे कळल्यावर त्यांचा आवाज चढला. मुलाला काय सांगू, लोक काय म्हणतील, मामासाहेबांना शब्द दिलाय, तुला कोणी शिकवलं हे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाल्या, "नाही म्हणाले ना मी. पोहे निवतील, बसा."

बायकोवर चालेना तेव्हा वामनराव माझ्यावर घसरले. "तुम्हाला घर हवंय की नको?"

"हवंय," मी म्हणाले. "फार हवंय."

"मग हे नसते उद्योग कशाला केलेत?"

ज्या माणसाला आपल्या बायकोला काही विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं, त्याला सांगायचं तरी काय? पोहे फक्त आईनं खाल्ले. शेवटचा दाणा निपटून खाल्ले आणि बशी स्वतः आत ठेवून आली.

भाऊमामांनी पाटावरचा नारळ उचलला, खोका बंद केला आणि दोन्ही पिशवीत घातले. कातरलेल्या सुपारीचे तुकडेसुद्धा त्यांनी पुडीत बांधून घेतले. व्यवहार मोडला तरी जिन्नस वाया जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा बाणा होता.

पुढे चार वर्षांनी मी घर घेतलं. रुळांच्या पलीकडे, स्टेशनपासून बरंच लांब, तळमजल्यावर. ओट्यावर ऊन येत नाही. चार वर्षांत आम्ही आणखी तीनदा पोती भरली, आणि प्रत्येक वेळी मला ते दुसऱ्या मजल्यावरचं घर आठवून जीव जळला. जळला नाही असं सांगणं खोटं होईल.

पण त्या दिवशी जिना उतरलो तेव्हा मामा रस्त्यात उभे राहून मोठमोठ्यानं बोलायला लागले. भाजीवाले बघत होते.

"नाक कापलंत माझं! अरे, भरल्या बैठकीत बाईमाणसाला कोणी असं विचारतं का? आणि त्या बाईला तरी काही लाज? इतकी वर्षं ज्याच्या जिवावर खाल्लं त्याला चारचौघांत नाही म्हणते! इंदू, तू समोर होतीस, तुला दोन शब्द बोलता आले नाहीत?"

आई नेहमीसारखं "नाही, भाऊ" म्हणणार, असं मी धरून चालले होते.

आईनं पदर नीट केला. मामांच्या हातातल्या पिशवीकडे बघत ती म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी मला नाही म्हणायचं होतं."

कुठल्या दिवशी, ते मामांनी विचारलं नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.